लोकरीचा पसारा

लोकर विणणाऱ्या बायकांविषयीं मराठींत विनोद पुष्कळ झाला आहे. विचार मात्र फारसा झालेला नाहीं. व्यंगचित्रांतली बाई सुया चालवीत असते आणि तिचा नवरा हात पसरून मापाला उभा असतो. कथेंतल्या नायिकेला दिवस गेल्याची बातमी लाजून सांगावयाची असली, कीं लेखक तिच्या हातीं एक इवलासा पायमोजा देतो आणि स्वतः मोकळा होतो. अलीकडे या विनोदाला एक नवा विषय मिळाला आहे. बाईनें विणलेल्या वस्तूंना हंसून झाल्यावर आतां तिनें न विणलेल्या लोकरीला हंसणें सुरू झालें आहे. दिवाणाच्या पोटांत लोकर, माळ्यावर लोकर, पाहुण्यांच्या अंथरुणांमागें लोकर, शिलाईच्या यंत्राच्या पेटींत क्रोशाचा दोरा. आणि हें सर्व असतांना बाजारांतून आलेल्या पिशवींत पुन्हां चार लडी. "एवढ्या लोकरीचें करायचें काय?" हा प्रश्न कल्याणच्या पलीकडच्या आमच्या या पट्ट्यांत, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथल्या सुशिक्षित घरांत, मीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं पाहुण्यांच्या करमणुकीचा तो एक ठराविक कार्यक्रमच झाला आहे. विचारणारे गृहस्थ बहुधा नोकरींतून निवृत्त झालेले किंवा होऊं घातलेले असतात. उत्तराची त्यांना अपेक्षा नसते. वहिनी चहाचे पेले उचलतां उचलतां हंसतात आणि विषय संपतो.

तो तेथें संपूं नये असें मला वाटतें. या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें विचारणाराला फारसें सुखावह नाहीं. घरांत सांचलेला लोकरीचा ढीग हा बाईच्या हांवेचा पुरावा नसून तिला न मिळालेल्या फुरसतीचा हिशेब आहे. लोकर विकत घ्यावयास पांच मिनिटें लागतात. तिचा स्वेटर व्हावयास चाळीस तास लागतात. जिला पांच मिनिटें मिळतात पण चाळीस तास मिळत नाहींत, तिच्या घरीं लोकर सांचणारच. ढीग तिचा असला तरी देणें घराचें आहे; आणि ऋणकोनें धनकोला हंसावें असा हा उलटा न्याय चालला आहे.

आधीं शब्दांचा निकाल लावूं. एकाच कृतीला माणूस पाहून निरनिराळीं नांवें देण्याची आपली जुनी खोड आहे. गृहस्थांनीं चार कपाटें भरून पुस्तकें आणलीं आणि त्यांतलीं तीन कपाटें वर्षानुवर्षें उघडलीं नाहींत, तर तो ग्रंथसंग्रह. त्यांनीं जुनीं नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविलीं, तर तो व्यासंग. मे महिन्यांत गृहिणीनें गहूं, पापड, लोणचीं भरून ठेवलीं, तर ती पावसाळ्याची बेगमी, कारण ती सर्वांच्या पोटांत जाणार. लोकरीला मात्र पसारा. विकत घेऊन न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला जपानी भाषेंत 'त्सुंदोकु' असा एक सौम्य शब्द आहे, आणि आमचे विद्वान मित्र तो मोठ्या कौतुकानें एकमेकांना सांगत असतात. इंग्रजी बोलणाऱ्या विणकर स्त्रियांनींही आपल्या साठ्याला नांवें दिलीं आहेत. त्या त्याला 'स्टॅश' म्हणतात, म्हणजे दडवून ठेवलेला साठा. आणि आयुष्य पुरणार नाहीं इतकी लोकर जमली, तर तिला 'सेबल' म्हणतात. आयुर्मर्यादेपलीकडचा साठा अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हा शब्द केलेला आहे, आणि मौज अशी कीं मौल्यवान केसाळ कातडें देणाऱ्या एका प्राण्याचेंही तेंच नांव आहे. या शब्दांत विनोद आहे, पण तो त्यांनीं स्वतःवर केलेला विनोद आहे. त्यांतल्या दडवून ठेवण्याच्या अर्थाकडे मात्र वाचकांनीं लक्ष द्यावें. पुस्तकांचें पुडकें घेऊन येणारा पुरुष तें पुढच्या दारानें आणतो. लोकर घेऊन येणारी बाई ती भाजीच्या पिशवींत, मेथीच्या जुडीखालीं आणते.

आमच्या आज्यांच्या घरीं जुन्या लुगड्यांचें आणि धोतरांचें एक गाठोडें असेच. त्याची गोधडी केव्हां होईल हें कोणी विचारीत नसे. ती व्हावयाचीच होती. त्या गाठोड्याला कोणी पसारा म्हटल्याचें माझ्या तरी ऐकण्यांत नाहीं. शिवाय वर्षांतून एखादा दिवस असा येतो, कीं याच लोकरीचा आणि याच दोऱ्याचा आपल्याला भारी अभिमान वाटतो. तो दिवस लग्नाचा. रुखवतावर क्रोशाचीं तोरणें, ताटावरचे रुमाल, लोकरीचीं फुलें आणि पोपट मांडले जातात, आणि "हें सगळें आमच्या मुलीनें हातानें केलें आहे हो" असें वरपक्षाला पुन्हां पुन्हां सांगितलें जातें. पुढें बाळंतविड्यांत टोपडें आणि मोजे हवेतच. मुलगी सुगरण आहे हें सिद्ध करण्यापुरती कला हवी. सिद्ध झाल्यावर ती कलेनें मागितलेली जागा आणि वेळ नकोत. रुखवत उचललें कीं पसारा सुरू.

आतां हिशेब. मध्यम बांध्याच्या पुरुषाचा पुऱ्या बाह्यांचा स्वेटर घ्या. घेर चाळीस इंच. बेताच्या जाडीच्या लोकरीला इंचास साडेपांच टाके धरले, तर घेराला २२० टाके होतात. इंचास सात ओळी आणि उंची चोवीस इंच, म्हणजे १६८ ओळी. गुणाकार ३६,९६०. गळ्याशीं आणि बगलेशीं कांहीं टाके कमी होतात, पण दोन बाह्यांचे चौदा-पंधरा हजार टाके वर येतात. एकूण पन्नास हजारांच्या आंतबाहेर. सराईत हात मिनिटाला पंचवीस टाके घालतो. म्हणजे निवळ विणण्याचीं दोन हजार मिनिटें, तेहतीस तासांहून थोडीं अधिक. त्यांत लडींचे गुंडे करणें, नमुना मोजणें, चुकलेल्या ओळी उसवणें, टाके बंद करून शेवटीं भाग जोडणें हें मिळविलें, कीं चाळीस तास सहज होतात. हा साध्या उलट-सुलट विणीचा हिशेब झाला. पीळ किंवा जाळीची नक्षी घेतली तर दीडपट धरावी. चाळीस तास म्हणजे कचेरींतल्या माणसाचा कामाचा एक पुरा आठवडा. "बसल्या बसल्या विणून टाकलें" असें जे म्हणतात, त्यांनीं एक पुरा आठवडा बसून पाहावें.

हा आठवडा बाईनें कोठून आणावा? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरचें बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटें जात होतीं. असें काम करणाऱ्या पुरुषांचीं ९७. पुन्हां २०२४ सालीं पाहणी झाली, तेव्हां हे आंकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे बाईचीं दहा मिनिटें वांचलीं, परंतु पुरुषानेंही आपलीं नऊ वांचवून घेतलीं. दोघांमधलें अंतर २०२ मिनिटांचें होतें, तें २०१ झालें. एका मिनिटांत पंचवीस टाके होतात. पांच वर्षांतली प्रगति काय ती एवढी.

हे आंकडे साऱ्या देशाचे झाले. आमच्या पट्ट्यांत त्यांत आगगाडी मिळवावी लागते. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. बदलापुराहून मुंबईस पोंचावयास सुमारें दीड तास आणि परत यावयास तितकाच, तोही गाडी वेळेवर असली तर. कुळगांव-बदलापूरची वस्ती २००१ च्या जनगणनेंत सुमारें ९८,००० होती. ती २०११ सालीं सुमारें १,७४,००० झाली. मुंबईंत जागा परवडेना म्हणून इकडे आलेल्या कुटुंबांना भिंती मिळाल्या, पण त्यांचें मोल रोज तासांत चुकतें करावें लागतें. आणि घरांतली बाई नोकरी करणारी असेल तर तिला तें दोनदां चुकवावें लागतें, एकदां गाडींत आणि एकदां ओट्याशीं.

गंमत अशी, कीं विणकामाला या भागांत जर कोठें निश्चित जागा उरली असेल तर ती त्या गाडींतच आहे. बायकांच्या डब्यांत मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, देवीचीं स्तोत्रें म्हटलीं जातात. आणि जिला टेकावयास मिळालें ती पिशवींतून सुई काढते. लांब सुयांना शेजारणीचीं कोपरें आडवीं येतात, म्हणून गाडींत क्रोशा अधिक दिसतो. त्याला वीतभर सुई पुरते आणि गुंडा मांडींत राहतो. साखळी, मुका खांब, खांब, पुन्हां साखळी. घाटकोपरला उतरणारी बाई डोंबिवलीला चढलेल्या मुलीला एक फूल शिकवून जाते. कोणतीही संस्था नाहीं, वर्गणी नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. विद्यादानाविषयीं आम्ही महाविद्यालयांतले लोक पुष्कळ बोलतों. या डब्यांतल्याइतकें निर्हेतुक विद्यादान माझ्या पाहण्यांत दुसरें नाहीं. पण हीही फुरसत नव्हे. ही उभ्या गर्दींतून हिसकावून घेतलेली वेळ आहे, आणि तिच्यांत रुमाल होतो, चाळीस तासांचा स्वेटर होत नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. बाईला वेळ नाहीं म्हणतां, मग रात्रीं मालिका पाहावयास आणि भ्रमणध्वनीवर बोटें फिरवावयास वेळ कोठून येतो? उत्तर असें, कीं वेळेची लांबी एक आणि वेळेची सलगता दुसरी. मालिका पाहतां पाहतां कुकरची शिटी मोजतां येते, नातवाला पाणी देतां येतें, "अग, माझा चष्मा कोठें आहे?" या प्रश्नाला उत्तर देतां येतें. जाळीच्या नक्षींत, दोन टाके एकत्र घेऊन पुढें एक वाढवावयाचा अशा ठिकाणीं, चष्म्याचा प्रश्न आला कीं ओळ गेली; आणि ती गेल्याचें चार ओळी वर गेल्यावर कळतें. व्हर्जिनिया वुल्फ यांनीं १९२९ सालच्या आपल्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' या निबंधांत लिहिणाऱ्या स्त्रीला पैसा आणि स्वतःची खोली हवी असें प्रतिपादन केलें, आणि चारचौघांच्या बैठकीच्या खोलींत, सारखा व्यत्यय येत असतां, पूर्वींच्या लेखिकांना कसें लिहावें लागलें हें दाखविलें. तो निबंध आम्ही वर्गांत शिकवितों, त्यावर प्रश्न काढतों, आणि घरीं येऊन चष्मा विचारतों. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या घरांत स्वतःची खोली कोणालाच नसते हें खरें. परंतु गृहस्थांना निदान एक खुर्ची असते आणि त्या खुर्चींत ते वर्तमानपत्र वाचीत असतांना मुलें हळू बोलतात. बाईला खुर्ची नाहीं. तिला दिवाणाच्या पोटांतला एक कप्पा आहे. त्यांत काय आहे हें तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतें, तेथें दुसऱ्या कोणाचें कांहीं ठेवलेलें नसतें, आणि तो उघडून गुंड्यांवरून हात फिरविला कीं पुढें केव्हां तरी आपल्याला हवें तें आपण करणार आहों असें तिला घटकाभर वाटतें. तो कप्पा रिकामा करा म्हणणाऱ्यांनीं आपण काय मागत आहों याचा विचार करावा.

कित्येकांना असें वाटतें, कीं हें सर्व खरें असलें तरी एवढी लोकर तिनें मुळांत घ्यावयाचीच नव्हती. त्यांना या कामाची रीत ठाऊक नाहीं. रंग देतांना सूत हौदाहौदानें रंगतें, आणि एका हौदाचा तांबडा दुसऱ्या हौदाच्या तांबड्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. लडींवरच्या चिठ्ठीवर म्हणूनच रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉटचाही क्रमांक असतो. डावी बाही करतांना लोकर संपली आणि दुकानांतला लॉट बदलला, तर ती बाही जन्मभर वेगळी दिसते. तेव्हां शहाणी बाई नेहमीं एक लड अधिक घेते. आणि प्रत्येक स्वेटरामागें ती अधिक लड, किंवा तिचा तीन चतुर्थांश भाग, उरतो. वीस वर्षांच्या विणकामांत असे उरलेले गुंडे किती होतील हें सांगावयास गणिती नको. यांना टाकावें तर जीव होत नाहीं, वापरावें तर प्रत्येकाचा रंग निराळा. चौकोन विणून ते जोडणें हा एकच उपाय, आणि त्याला पुन्हां तास लागतात. शिवाय लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, मुलाच्या दोन्ही हातांवर लड चढवून तिचा गुंडा करणें ही रीत अजून कित्येक घरांत आहे. ज्या ढिगाला आपण उधळपट्टी म्हणतों त्यांतला बराचसा भाग काटकसरीनें वाढलेला असतो.

आणि हा मुलूख तर सुताचा आहे. कल्याणजवळची महायुद्धांतली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. वस्ती आजही कॅम्पच्या क्रमांकांनीं ओळखली जाते. गाठोड्यांत मावलें तेवढें घेऊन निघालेल्या माणसांनीं हा बाजार उभा केला, आणि आज गजानन मार्केट किंवा जपानी बाजार म्हटलें कीं बदलापूर-अंबरनाथच्या बायकांना वाट सांगावी लागत नाहीं. शहाडला १९५६ पासून सेंच्युरी रेयॉनचें कृत्रिम रेशमाचें सूत निघूं लागलें. मोहन्याची नॅशनल रेयॉन २००९ सालीं बंद पडेपर्यंत तेथेंही हाच उद्योग होता. ज्या गांवांत बापाची आणि भावाची उपजीविका सुतावर चालली, तेथें मुलीच्या हातीं सूत आलें तर नवल कसलें? उल्हास नदीचें पाणी २६ जुलै २००५ रोजीं आणि पुन्हां जुलै २०१९ मध्यें बदलापुरांत शिरलें, तेव्हांपासून तळमजल्यावरच्या घरांत साठा माळ्यावर गेला आहे एवढाच काय तो फरक.

उपाय सांगणाऱ्यांचीही वाण नाहीं. पहिला उपाय असा कीं बाजारांत तयार स्वेटर स्वस्त मिळतो, तर विणावेंच कशाला. आणि येथें थंडी तरी कितीशी? थंडीचें उत्तर डिसेंबरांत पहाटेची पहिली गाडी पकडून मिळवावें. यंत्राचें उत्तर मात्र जुनें आहे. विल्यम ली या इंग्रजानें विणण्याचें यंत्र १५८९ सालींच केलें होतें. तेव्हां यंत्र आलें म्हणून हात थांबावयाचे असते, तर ते चारशें वर्षांपूर्वींच थांबले असते. क्रोशाची गोष्ट तर याहून निराळी: खरा क्रोशा व्यापारी प्रमाणावर यंत्रानें अद्याप साधलेला नाहीं. दुकानांत क्रोशाचा गळपट्टा किंवा टेबलावरचें आच्छादन कवडीमोलानें मिळत असेल, तर तें यंत्राचें कौतुक नव्हे. कोठल्या तरी बाईच्या हातांना कवडीमोल मिळालें आहे एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा उपाय तरुण मंडळींचा. व्यवस्थापनाची पदवी घेतलेला भाचा सुट्टींत येतो आणि म्हणतो, "मामी, तुम्ही ऑर्डरी कां घेत नाहीं? लोकरही संपेल आणि चार पैसेही येतील." मुलगा गुणी आहे, हेतुही चांगला आहे. पण त्याच्या अभ्यासक्रमांत मारिया मीस यांचें १९८२ सालचें नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांवरचें पुस्तक नसावें. आंध्राच्या गोदावरीकांठच्या त्या गांवांत एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं क्रोशाची जाळी शिकविली. पुढें तिचा परदेशीं व्यापार झाला. विणणाऱ्या मात्र गृहिणीच राहिल्या. हें काम त्या रिकाम्या वेळीं करतात असें एकदां ठरलें, कीं रिकाम्या वेळेला मजुरी कसली द्यावयाची? व्यापारी निर्यातदार झाले आणि दिवसाचे कित्येक तास विणणारी बाई आपली घरीं बसलेलीच मानली गेली. 'फावला वेळ' या एका शब्दानें केवढी मजुरी गिळतां येते याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं. ज्या बाईला पोटासाठीं विणावयाचें आहे तिनें अवश्य विणावें, आणि तासाचा दर लावून विणावें. चाळीस तासांच्या स्वेटराची किंमत ऐकून किती ऑर्डरी टिकतात तें भाच्यानें पाहावें. पण जिला आपल्यासाठीं विणावयाचें आहे, तिला दुकान मांडावयास सांगणें म्हणजे तिची उरलीसुरली फुरसतही कामांत जमा करणें आहे.

या दोन्ही उपायांच्या मुळाशीं एकच समजूत आहे: बाईच्या हातांतलें सूत दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडलें तरच तें शोभतें. विलायतेंत दुसऱ्या महायुद्धांत बायकांनीं सैनिकांसाठीं मोजे आणि गळपट्टे विणले. १९४१ सालीं कापडाबरोबर विणण्याच्या लोकरीवरही कूपनें आलीं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतल्या 'लाइफ' साप्ताहिकानें विणावें कसें हें मुखपृष्ठावरून शिकविलें. त्या वेळीं घरांतला लोकरीचा ढीग हा देशसेवेचा साठा होता. आपल्याकडे गांधीजींनीं सूत काढण्याला यज्ञाची प्रतिष्ठा दिली, आणि पुरुषांनींही मांडी घालून टकळी फिरविली. ती फिरवितांना त्यांना कोणी हंसलें तर तें इंग्रज हंसले. मला त्या सेवेची आणि त्या यज्ञाची थोरवी कमी करावयाची नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं सैनिक नाहीं, स्वराज्य नाहीं, पुतण्याचें बारसेंही नाहीं, केवळ एका मोरपंखी रंगाच्या लडीचें काय होतें हें पाहण्याची इच्छा आहे, एवढ्या कारणासाठीं बाईनें चाळीस तास मागितले तर ते तिला कां मिळूं नयेत? पुरुषाला ते पत्त्यांसाठीं मिळतात, क्रिकेटच्या सामन्यासाठीं मिळतात, पांच दिवसांची कसोटी पाहणाऱ्याला "याचा उपयोग काय?" असें विचारणारा गृहस्थ मला भेटलेला नाहीं.

दुसरी बाजू मला दिसत नाहीं असें नाहीं. कानपूरची लाल इमली आणि पंजाबांतली धारिवाल हीं लोकरीचीं जुनीं मातबर नांवें मागें पडलीं, आणि आतां बाजार मुख्यतः लुधियान्याकडच्या कृत्रिम लोकरीचा आहे. ती स्वस्त आहे, तिला कसर लागत नाहीं, यंत्रांत धुतां येते. पण ती खनिज तेलापासून होते, धुतांना तिचे सूक्ष्म धागे पाण्यांत जातात, आणि रंगांचें म्हणाल तर वालधुनी नदीच्या कांठीं राहणाऱ्यांना रंगाच्या कारखान्यांविषयीं निराळें सांगावयास नको. खऱ्या लोकरीचा ढीग निदान कसरीच्या भीतीनें आटोक्यांत राही. या लोकरीला ती भीति नाहीं, म्हणून ती कितीही सांचते. शिवाय बाजारानें एक युक्ति साधली आहे. ज्या बाईला विणावयास वेळ नाहीं तिला तो विणण्याची आशा विकतो. नवा रंग, नवी जाडी, पांच लडी घेतल्यास सहावी फुकट. आणि लोकर घेतली कीं अर्धा स्वेटर झाल्यासारखें वाटतें. कांहीं घरांत हें घेणें हाच छंद झाला आहे आणि सुया गंजल्या आहेत, हें मी नाकारीत नाहीं. अशा बाईला मी विणकर म्हणणार नाहीं. परंतु तिच्यावरही तोंडसुख घेण्यापूर्वीं तिच्या सुया कोणत्या वर्षीं गंजूं लागल्या हें विचारावें. बहुधा तें वर्ष सासूच्या आजारपणाचें निघेल, किंवा मुलाच्या दहावीचें, किंवा मुंबईचें घर सोडून बदलापूरला आलेलें.

तेव्हां ज्या गृहस्थांना आपल्या घरांतली लोकर कमी व्हावी असें मनापासून वाटतें, त्यांच्यासाठीं एक व्यवहार्य सूचना आहे. रविवारीं सकाळीं आठ ते बारा स्वयंपाकघर त्यांनीं आपल्याकडे घ्यावें. चहा, न्याहारी, भात, आमटी, एक भाजी. पोळ्या जमत नसतील तर विकत आणाव्या, पण चष्मा आपला आपण शोधावा आणि मीठ कोठें आहे हें विचारावयास बाहेर येऊं नये. आठवड्याला चार तास या हिशेबानें चाळीस तास दहा रविवारांत भरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आरंभ केला तर डिसेंबरच्या थंडीपूर्वीं सातआठशें ग्रॅम लोकर माळ्यावरून अंगावर आलेली असेल. छातीचें माप मात्र अगोदर देऊन ठेवावें, आणि गेल्या दहा वर्षांत तें बदललें असल्यास खरें द्यावें. चाळीस इंच धरून केलेला वरचा हिशेब सर्वांनाच लागू पडेल असें नाहीं.